थोरांची धाकटी चरित्रे

शाळेतून ‘थोर व्यक्तींची माहिती मिळवा’ असा प्रकल्प मिळाला, की एके काळी आईवडिलांची धाव कोपऱ्यावरच्या वह्यापुस्तकांच्या दुकानाकडे असे. तेथे थोरांच्या चित्रांचे तक्ते मिळत. हवे ते चित्र कापायचे, त्याच्या पाठीमागे छापलेल्या पाचसहा ओळी सुवाच्य अक्षरांत उतरवून घ्यायच्या आणि मग चित्र वहीत डकवायचे, एवढे केले की प्रकल्प पुरा होई. ओळी आधी उतरवून घेण्याची दक्षता मात्र बाळगावी लागे. कारण चित्र एकदा डकवले, की त्या कायमच्या दिसेनाशा होत. आता ही धाव संकेतस्थळाकडे असते. चित्र घरच्या घरी छापून निघते आणि पाचसहा ओळींऐवजी पाचसहा परिच्छेद आयते मिळतात. साधन बदलले, उतरवून काढण्याची रीत तीच राहिली.

क्रमिक पुस्तकातील एखाद्या वाक्यावरून विधिमंडळात गदारोळ माजल्याची उदाहरणे आपल्याकडे थोडीथोडकी नाहीत. क्रमिक पुस्तकाला समिती असते, तज्ज्ञ असतात, चुकीचा जाब विचारण्यासाठी एक पत्ता असतो. परंतु प्रकल्पाच्या आदल्या रात्री मूल ज्या संकेतस्थळावरून शिवाजी महाराज, सावित्रीबाई, आइन्स्टाइन किंवा पिकासो उतरवून घेते, ते कोणी लिहिले, कशाच्या आधारे लिहिले आणि त्यात काय गाळले, याची विचारपूस कोणीच करत नाही. वस्तुतः त्या मुलाच्या मनातील थोर पुरुष घडतो तो बव्हंशी तेथेच.

या संकेतस्थळांचे ऋण आधी मान्य केले पाहिजे. ब्रिटनच्या बीबीसीने प्राथमिक शाळांच्या अभ्यासक्रमाला धरून इतिहासाची पाने तयार केली. लंडनच्या टेट कलासंग्रहालयाने मुलांसाठी चित्रकारांची ओळख करून देणारे स्वतंत्र स्थळ उघडले. ब्रिटानिका ज्ञानकोशाची मुलांसाठी वेगळी आवृत्ती आहे. ॲमस्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयाने २०१२ मध्ये आपल्या संग्रहातील चित्रे उत्तम दर्जाच्या छायाचित्रांच्या रूपाने सर्वांना मोफत खुली केली. ज्या मुलाच्या तालुक्याच्या गावी चित्रांचे दालन नाही, की बरे ग्रंथालय नाही, त्याला रेम्ब्राँ पाहता यावा ही गोष्ट सामान्य नव्हे. पण अशा जबाबदार संस्थांच्या जोडीला जाहिरातींच्या उत्पन्नावर चालणारी आणि एकमेकांचा मजकूर उचलणारी खासगी स्थळे उदंड झाली आहेत. शोध घेणाऱ्या मुलापुढे पहिल्याने येते ते त्यातलेच एखादे. त्यांचा साचाही ठरलेला असतो. जन्म, बालपण, कार्य, मृत्यू आणि शेवटी रंगीत चौकटीत ‘पाच गमतीदार गोष्टी’.

आख्यायिकांचे आयुष्य

या गमतीदार गोष्टींचे आयुष्य मोठे चिवट असते. जॉर्ज वॉशिंग्टनने लहानपणी चेरीचे झाड कुऱ्हाडीने तोडले आणि वडिलांपुढे निर्भयपणे सत्य कबूल केले, ही कथा जगभरच्या मुलांना ठाऊक आहे. वॉशिंग्टन १७९९ मध्ये निवर्तला. धर्मोपदेशक आणि फिरता पुस्तकविक्रेता अशा दोन्ही भूमिका पार पाडणाऱ्या मेसन लॉक वीम्स याने पुढच्याच वर्षी त्याचे चरित्र बाजारात आणले. चेरीच्या झाडाची कथा त्या पहिल्या आवृत्तीत नव्हती. ती अवतरली १८०६ च्या पाचव्या आवृत्तीत. सत्यवचनाचे माहात्म्य सांगणारी ही जगातील बहुधा सर्वांत प्रसिद्ध गोष्ट असावी. आणि तीच रचलेली आहे! वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन येथील घराचे जतन करणारी संस्था आपल्या संकेतस्थळावर ती दंतकथा असल्याचे स्वच्छ सांगते. तरीही अन्य शेकडो स्थळांवर ते झाड आजही तोडले जात आहे.

वॉशिंग्टनचे दात लाकडी होते, ही दुसरी ‘गमतीदार गोष्ट’. तीही खरी नाही. त्याच्या कवळ्यांत हस्तिदंत होते, धातू होते आणि माणसांचे दातही होते. माउंट व्हर्ननच्या १७८४ च्या हिशेबवहीत काळ्या माणसांकडून नऊ दात घेतल्याबद्दल दिलेल्या रकमेची नोंद आहे. हे दात त्याच्याच कवळीत बसले की नाही हे त्या नोंदीवरून ठरत नाही. परंतु तो वारला तेव्हा त्या मळ्यावर ३१७ गुलाम राहत होते, हे निश्चित आहे. लाकडी दातांवर मूल हसते आणि पुढे जाते. हिशेबवहीतील नोंद वाचून ते हसणार नाही, काहीतरी विचारील. तो प्रश्न टाळण्याची सोय लाकडी दात करून देतात.

अर्थात हा दोष केवळ संकेतस्थळांचा नाही. २०१६ च्या जानेवारीत अमेरिकेतील एका मोठ्या बालसाहित्य-प्रकाशकाला वॉशिंग्टनच्या स्वयंपाक्यावरचे एक चित्रपुस्तक बाजारातून परत घ्यावे लागले. त्यात हर्क्युलिस हा गुलाम स्वयंपाकी धन्याच्या वाढदिवसासाठी हसतमुखाने केक करताना दाखवला होता. खरा हर्क्युलिस १७९७ मध्ये, नेमका वॉशिंग्टनच्या वाढदिवशीच, पळून गेला होता. पुस्तक निदान परत घेता येते. एका स्थळावरून दुसऱ्यावर उचलला गेलेला मजकूर कोणी आणि कोठून परत घ्यायचा?

मराठी घरांत चेरीच्या झाडाची जागा शेंगांच्या टरफलांनी घेतली आहे. टिळक म्हटले की दहापैकी नऊ मुलांना वर्गातली टरफले आठवतात. त्यात वावगे काही नाही. बाणेदारपणा शिकवायला गोष्ट चांगली आहे. परंतु १९०८ मध्ये लेखांबद्दल खटला होऊन सहा वर्षांची शिक्षा भोगायला मंडालेला गेलेला, तेथील कोठडीत शिसपेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहिणारा पन्नाशी उलटलेला, मधुमेहाने गांजलेला माणूस त्या टरफलांआड लपून जातो. खटल्याचे कागद छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. लेख कोणते होते, सरकारला त्यात काय खुपले, हे दहाबारा वर्षांच्या मुलाला सांगता येणार नाही असे नाही. मात्र ते सांगायला पाच ओळींहून अधिक जागा लागते आणि सांगणाऱ्याने आधी ते कागद वाचावे लागतात. बहुतेक ठिकाणी घोडे अडते ते या दुसऱ्या अटीपाशी.

बसमधली पंधरा वर्षांची मुलगी

गाळण्याची ही रीत कोठवर जाते, हे पाहण्यासाठी रोझा पार्क्स यांचे उदाहरण पुरेसे आहे. मुलांसाठीच्या जवळजवळ प्रत्येक इंग्रजी संकेतस्थळावर त्यांचे पान असते. त्यावरची कथा अशी : अमेरिकेतील मॉन्टगोमेरी शहरात १ डिसेंबर १९५५ रोजी दिवसभराच्या कामाने थकलेली एक साधी शिवणकाम करणारी बाई बसमध्ये बसली होती. गोऱ्या उतारूसाठी जागा सोड असे चालकाने तिला फर्मावले. ती उठली नाही. तिला अटक झाली, काळ्या नागरिकांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार घातला आणि अन्याय्य कायदा मोडला.

यात खोटे फार थोडे आहे. पण गाळलेले पुष्कळ आहे. रोझा पार्क्स शिवणकाम करत हे खरे. परंतु काळ्या लोकांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या राष्ट्रीय संघटनेच्या मॉन्टगोमेरी शाखेचे चिटणीसपद १९४३ पासून त्यांच्याकडे आले होते. अटकेपूर्वी काही महिने, १९५५ च्या उन्हाळ्यात, टेनेसीतील ‘हायलँडर’ लोकशाळेत त्या याच प्रश्नाच्या अभ्यासवर्गाला जाऊन आल्या होत्या. आपण अंगाने थकलो नव्हतो, असे त्यांनी स्वतःच पुढे आत्मचरित्रात स्पष्ट केले. मात्र थकलेली बाई ही प्रतिमा सोयीची असते. तिच्यात अभ्यास नाही, संघटना नाही, बारा वर्षांची चिकाटी नाही. आहे तो एक क्षण आणि त्या क्षणातून अवचित उमटलेला इतिहास. मुलाला त्यातून असे वाटू लागते, की थोर माणसाने फक्त योग्य वेळी योग्य जागी बसलेले असावे.

या पानावर हमखास झळकणारे छायाचित्रही पाहण्यासारखे आहे. खिडकीबाहेर पाहणाऱ्या पार्क्स आणि त्यांच्या मागच्या आसनावर एक गंभीर गोरा गृहस्थ. मुलाला वाटते, हाच तो दिवस आणि हाच तो जागा मागणारा माणूस. प्रत्यक्षात ते २१ डिसेंबर १९५६ चे, म्हणजे लढा जिंकून बस सर्वांना खुली झाली त्या दिवसाचे, मुद्दाम जुळवून घेतलेले छायाचित्र आहे. आणि मागे बसलेला गृहस्थ एका वृत्तसंस्थेचा वार्ताहर आहे. चित्राखाली एक ओळ घातली असती, तर छायाचित्र म्हणजे काय आणि पुरावा म्हणजे काय याचा धडा मुलाला फुकट मिळाला असता.

सर्वांत मोठी गाळणूक मात्र एका मुलीची आहे. पार्क्स यांच्या अटकेपूर्वी नऊ महिने, २ मार्च १९५५ रोजी, क्लॉडेट कॉल्व्हिन या पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलीने त्याच शहरातील बसमध्ये जागा सोडण्यास नकार दिला होता. पोलिसांनी तिला ओढून बाहेर काढले आणि बेड्या घातल्या. रोझा पार्क्स ज्या युवक-गटाला मार्गदर्शन करत, त्यात ती पुढे जाऊही लागली. परंतु शहरातील पुढाऱ्यांनी तिला लढ्याचा चेहरा केले नाही. ती वयाने लहान होती, गरीब वस्तीतली होती, आणि पुढे त्याच वर्षी तिला दिवस गेले. दरबारी खटल्यात प्रतिपक्ष या मुलीचे धिंडवडे काढील, ही पुढाऱ्यांची भीती निराधार होती असे म्हणवत नाही. पण गंमत पुढेच आहे. बसमधील वर्णभेद ज्या खटल्यामुळे कायद्याने संपला, त्या ब्राउडर विरुद्ध गेल खटल्यात रोझा पार्क्स वादी नव्हत्याच. चार वादी स्त्रियांपैकी एक होती ती हीच कॉल्व्हिन. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर १९५६ रोजी त्यांच्या बाजूने निर्णय कायम केला.

फिलिप हूस या लेखकाने तिला शोधून, तिच्याशी बोलून कुमारांसाठी तिचे चरित्र लिहिले. २००९ मध्ये त्याला अमेरिकेचे राष्ट्रीय ग्रंथपारितोषिक मिळाले. तेव्हापासून काही चांगल्या स्थळांनी आपली पाने दुरुस्त केली, काहींनी ‘तिच्याआधीही एका मुलीने’ एवढी एक ओळ जोडली. पण विचार करण्यासारखी गोष्ट ही, की मुलांसाठी लिहिताना वगळले गेले ते नेमके मूलच. वाचणाऱ्या मुलाच्या वयाची, त्याच्यासारखी दप्तर घेऊन शाळेतून घरी निघालेली एकच व्यक्ती या कथेत होती, आणि तिलाच गोष्टीबाहेर ठेवण्यात आले.

चित्रकार आणि टिकलीएवढे चित्र

चित्रकारांच्या बाबतीत संकेतस्थळाची अडचण आणखी वेगळी आहे. पिकासोचे ‘गेर्निका’ साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद आहे. त्याच्यापुढे उभे राहिलेले माणूस लहान होते. पडद्यावर ते व्हॅन गॉगच्या हातभर उंचीच्या चित्राएवढेच, म्हणजे काडेपेटीएवढे, दिसते. सर्व चित्रे समान मापाची झाली, की चित्रकाराने एवढा मोठा कॅनव्हास का घेतला असेल हा साधा प्रश्न मुलाच्या मनात येण्याचेच कारण उरत नाही. त्यातून ‘तुम्हीही व्हॅन गॉगसारखे रंगवा’ म्हणून दिलेल्या खेळात एक कळ दाबली की आपल्या छायाचित्रावर पिवळेनिळे फराटे उमटतात. रंगाचा थर, चुकलेली रेघ, पुसून पुन्हा काढणे, हे सारे त्यात नाही. असले खेळ टिकतातही थोडे. ज्या ‘फ्लॅश’ तंत्रावर मुलांचे असंख्य शैक्षणिक खेळ उभे होते, ते ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाले आणि अनेक संस्थांची कित्येक वर्षांची मेहनत एका रात्रीत मुकी झाली.

व्हॅन गॉगचे चरित्र मुलांच्या पानांवर कापलेला कान, सूर्यफुले आणि ‘हयातीत एकच चित्र विकले गेले’ या तीन खुंट्यांवर टांगलेले असते. त्यांपैकी तिसरी खुंटी कच्ची आहे. ॲना बॉक हिने १८९० मध्ये ‘लाल द्राक्षमळा’ हे चित्र ४०० फ्रँकना घेतले हे खरे; परंतु त्याआधी, १८८२ मध्ये, त्याच्या काकांनी हेग शहराची रेखाटने त्याच्याकडून पैसे देऊन करवून घेतली होती. आणि एवढ्या खटाटोपाची गरजही नाही; कारण याच माणसाची पत्रे उपलब्ध आहेत. ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयाने वर्षानुवर्षे खपून त्याचा ९०२ पत्रांचा संपूर्ण संग्रह २००९ मध्ये संकेतस्थळावर मोफत उघडला. त्यांतील ८१९ पत्रे त्याने स्वतः लिहिलेली आहेत. कित्येक पत्रांत मजकुराच्या मधोमध त्याने भावाला कळावे म्हणून चालू चित्राचे छोटे रेखाटन काढले आहे, कोणता रंग कोठे येणार ते शब्दांत सांगितले आहे, आणि पुष्कळदा रंगांसाठी पैसे धाडण्याची विनंती केली आहे.

महाजालाचे खरे सामर्थ्य येथे आहे. छापील पुस्तकाला ९०२ पत्रे प्रत्येक मुलाच्या घरी पोहोचवता आली नसती. चरित्रकाराने चघळून मऊ केलेला घास भरवण्याऐवजी, मुलापुढे मूळ पत्र, मूळ रेखाटन ठेवून ‘हे काय आहे असे तुला वाटते?’ एवढे विचारणे हे या माध्यमाला सहज शक्य आहे. आपल्याजवळ हे सामर्थ्य असताना त्याचा उपयोग तक्त्यामागच्या पाच ओळी अधिक वेगाने पुरवण्यासाठीच व्हावा, ही या स्थळांची खरी उणीव. २०२२ च्या अखेरीपासून तर प्रश्न टाइप करताच निबंध लिहून देणारी यंत्रेही सर्वांच्या हाती आली आहेत. पाच ओळींचे काम ती कोणत्याही संकेतस्थळाहून झटपट करतात, आणि आधार न सांगताही करतात. तेव्हा मुलांच्या स्थळांना स्वतःचे असे काही काम उरले असेल, तर ते मूळ साधने जवळ आणून देण्याचेच.

मराठीत परिस्थिती काय आहे? साधनसामग्री अगदीच नाही असे नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली १९७६ मध्ये ज्याचा पहिला खंड निघाला, तो मराठी विश्वकोश महाजालावर सर्वांना खुला आहे. बालभारतीने १९७१ मध्ये सुरू केलेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही तेथे वाचायला मिळतात. सरकारी कामाला नावे ठेवण्याची सवय जडलेल्यांनी हे काम जरूर पाहावे. पण विश्वकोशाची भाषा प्रौढांची आहे आणि त्याच मंडळाने कुमारांसाठी हाती घेतलेला कोश जीवसृष्टी व पर्यावरण या विषयाचा आहे. थोरांची आणि कलावंतांची, मुलांना हाताळता येतील अशी, मूळ कागदपत्रांसह मांडलेली मराठी पाने शोधू गेल्यास निराशाच पदरी येते. कोल्हापुरात जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आयुष्य घालवलेल्या धुरंधरांनी त्या शाळेतील आपल्या एकेचाळीस वर्षांच्या आठवणी मराठीत लिहून ठेवल्या. व्हॅन गॉगचा कान माहीत असलेल्या मराठी मुलाला धुरंधरांचे नावही माहीत नसावे, याचा दोष त्या मुलाकडे जात नाही.

सावित्रीबाई फुले यांच्यावर मात्र मराठी मजकूर भरपूर आहे. दर ३ जानेवारीला त्यात भर पडते. १८३१ साली नायगावात जन्म, १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यातील शाळा, अंगावर फेकलेले शेण आणि चिखल, बरोबर नेलेले दुसरे लुगडे, १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करताना आलेला मृत्यू. यातला प्रत्येक तपशील महत्त्वाचा आहे. शेण अंगावर घेऊन बाई ज्यांना शिकवायला जात, त्या मुली मात्र या पानांवर क्वचितच दिसतात. मॉन्टगोमेरीच्या कथेत घडले तेच येथे घडले आहे.

त्यांपैकी एका मुलीचे लेखन हाती आहे. मुक्ता साळवे ही फुले दांपत्याच्या शाळेतील मांग समाजातली विद्यार्थिनी. शाळेत जेमतेम तीन वर्षे झालेली असताना तिने मांगमहारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला, आणि अमेरिकन मराठी मिशनच्या ‘ज्ञानोदय’ नियतकालिकाने १८५५ मध्ये तो छापला. वेद आम्हांला वाचायचेही नसतील तर आमचा धर्म तरी कोणता, असा सवाल तिने त्यात केला आहे. इमारतींच्या पायात जिवंत माणसे पुरल्याचे तिने लिहिले आहे. बाळंतपणात डोक्यावर छप्पर नसलेल्या बायांविषयी लिहिले आहे. आपल्या लोकांनी शिकावे असे कळकळीने विनवले आहे. हा निबंध मुलांना झेपणार नाही, त्यातील वर्णने त्यांच्यासाठी फार कठोर आहेत, असा आक्षेप संपादक-मंडळांतून हमखास निघेल. तो लिहिणारीही मूलच होती. तिच्या मराठीत आजच्या सहावीतल्या मुलाला अडतील असे शब्द थोडे आहेत. त्यांचे अर्थ पानाच्या कडेला देता येतात, आणि ‘ज्ञानोदया’च्या त्या अंकाचे पान शेजारी ठेवता येते. त्याला ना स्वामित्वहक्काची आडकाठी आहे ना मोठ्या खर्चाची. सावित्रीबाईंच्या पानावर, जन्मतारखेच्याही आधी, तो निबंध लावायला कोणाची हरकत आहे?